खाटेवरच्या दुसऱ्या बाईचा हिस्सा

मी, खाली सही करणारा, सलूनचा धंदा करून पोट भरलेला, घशातल्या गाठीने आवाज गेलेला पण डोके ठिकाणावर असलेला इसम, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर असल्याचा दाखला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दिला आहे. ते आजही माझ्या वस्तऱ्याखाली मान देतात, यापरता पुरावा नाही.

१. राहते घर पत्नीच्या हयातीत तिचेच राहील. तिची खोली कोणी मागू नये. तिच्या पश्चात घर आमच्या नातीचे.

२. जावयास काही नाही. माझी मुलगी सरकारी रुग्णालयात बाळंतपणात गेली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ‘आमची तक्रार नाही’ असे त्याने लिहून दिले. लगेच दुसरे लग्न केले, आणि तान्ही नात आमच्या ओटीत टाकली. नात दिली, एवढ्यासाठी त्याला शिव्या घालत नाही. अंत्यविधीला आल्यास चहा द्यावा.

३. मुलगी कशी गेली ते नातीला आम्ही कधी धड सांगितले नाही. आता तिलाच दिवस गेले आहेत, म्हणून लिहितो.

त्या दिवशी प्रसूतिगृहात एका खाटेवर दोन-दोन बायका होत्या. माझ्या पत्नीने आत जाऊ देण्यासाठी हातापाया पडून पाहिले. नर्स म्हणाली, “आई आत आली की पोरी जास्तच नाटकं करतात. बाहेर थांबा.” आतून मुलीच्या हाका येत होत्या. एकदा चापट मारल्याचा आवाज आला आणि कोणी तरी खेकसले, “गप्प पड!” मग बाळ बाहेर आणून दिले. आम्ही विचारले, “आमची मुलगी?” “झोपलीय. वाट बघा.”

नर्सांची पाळी बदलली. नवीन नर्सला आम्ही कोण ते ठाऊक नव्हते. शेवटी पत्नी दार लोटून घुसली. मुलीखालची गादी रक्ताने जड झाली होती. मुलगी केव्हाच गार पडली होती.

चौकशीत ‘दोष कोणाचाही नाही’ असे ठरले. मी कोर्टात गेलो. निकाल लागेपर्यंत नात शाळेत जाऊ लागली होती. भरपाई तिच्या नावे बँकेत आहे. बाळंतिणीसोबत घरची एक बाई आत राहील, असाही हुकूम झाला. बेटा, तुझी आजी तुझ्यासोबत आत जाईल. कोणी अडवले तर भांडा. आम्ही अदबीने बोलत बसलो होतो.

४. सलून, खुर्च्या, आरसे आणि हत्यारे माझ्या जुन्या कारागिराला. दुकानात उभे राहून त्याचेही पाय सुजले आहेत. एकच अट : त्या रुग्णालयाच्या तेव्हाच्या मुख्य डॉक्टरांची दाढी करू नये. माझा आवाज जाण्याआधी एकदा ते आले होते. मी म्हणालो, “वाट बघा.” दुकान बंद होईपर्यंत बसले. शटर ओढताना मान खाली घालून गेले. मला वाटले होते बरे वाटेल. नाही वाटले.

५. पत्नीचे दागिने तिचे तिने द्यावेत. माझ्या नावावरची मागची मोकळी जागा मात्र मुलीच्या हिश्शाची होती. ती मी त्या बाईला देतो, जी त्या दिवशी मुलीच्या खाटेवर अर्धी जागा घेऊन पडली होती. तिच्या स्वतःच्या कळा चालू होत्या. तरी हाका मारमारून तिचा घसा बसला. पुढे कोर्टात साक्षही तिनेच दिली, नवरा नको म्हणत असताना.

मी हे पाटीवर लिहून दाखवले तेव्हा ती रडली. म्हणाली, “काका, मला उठता आलं नाही हो. मी नुसता हात धरून होते.”

मी लिहिले, “शेवटपर्यंत?”

“तिचा सुटला. मी नाही सोडला.”

म्हणून माझी वारस म्हणून तिचे नाव मुलीच्या जागी धरावे. कोणी ‘नाते काय?’ म्हणून विचारले, तर हेच वाचून दाखवावे.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : १७ फेब्रुवारी

लिहून देणार : (सही)
साक्षीदार १ : कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही)
साक्षीदार २ : शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही)