ड्रमवरची चादर

मंगळवार, १८ फेब्रुवारी
संध्याकाळ

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मी बरा आहे. थंडीत गुडघा कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. जेवण वेळेवर होतं, हे तू विचारायच्या आधीच लिहून टाकतो. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून हायसं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझ्या बोटांना पुन्हा फोड आले म्हणतेस. नव्या तारा चढवल्यास ना? फोड फोडू नकोस, पट्टीही लावू नकोस. दोन दिवस हळू वाजव, कातडी आपोआप घट्ट होते. आणि तुमच्या गिटारवाल्याला आवाज कमी कर म्हणून सांगण्यात अर्थ नाही. ती जमात ऐकत नाही. त्याचा ॲम्प जमिनीवरून उचल आणि खुर्चीवर, त्याच्या कानासमोर ठेव. आवाज स्वतःच्या कानात गेला की तो स्वतःच कमी करेल. आमच्या गिटारवाल्यावर हा उपाय तुझ्या ताईने केला होता. त्याला अजून पत्ता नाही.

पोस्टरमध्ये तुला अर्धी कापली हे वाचून मी हसलो, रागावू नकोस. माझ्या प्रत्येक फोटोत तोंडासमोर गायिकेच्या माइकचा दांडा आहे. एकदा कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही पण बँडमध्येच का? मला वाटलं, वायरी बघायला उभे आहात." तुझी ताई नंतर आठवडाभर मला 'वायरमन' म्हणत होती. बेस वाजवणाऱ्याच्या नशिबात हेच असतं. तुला मीच शिकवलं, तेव्हा दोषही माझाच.

तू विचारलं आहेस, ड्रमवरची चादर तशीच आहे ना. त्याचं उत्तर याच पत्रात देतो. पण मला एकदम सांगता येणार नाही. जसं झालं तसं लिहितो.

ताई गेल्यानंतर तू आमच्या तालमीच्या खोलीत आली होतीस. घरून तिची निळी चादर आणली होतीस. तिचा ड्रम तू स्वतः झाकलास, चादरीची टोकं झांजांच्या स्टँडखाली खोचलीस आणि मला म्हणालीस, "भाऊजी, याला कुणी हात लावायचा नाही. तिच्या जागेवर कुणी बसलेलं मला सहन होणार नाही. तुम्हाला होईल?" मी नाही म्हणालो. तू म्हणालीस, "मग शब्द द्या." मी दिला. तो खोटा नव्हता. त्या दिवशी मला खरंच वाटत होतं की आता बँड संपला, मी संपलो, चष्म्याच्या काचा घासायच्या आणि घरी यायचं.

बरेच महिने तसंच केलं. दुकानात काच घासायचं मशीन दिवसभर एका लयीत फिरतं. आधी त्या आवाजात मला काही ऐकू यायचं नाही. मग उधारी वसूल करायला आल्यासारखं एकेक गाणं परत यायला लागलं. मशीन फिरतंय आणि माझा पाय हलतोय. शेजारी बसणारी बाई म्हणाली, "टेबल हलतंय हो तुमचं." त्याच आठवड्यात की-बोर्डवाल्या मास्तरांचा फोन आला. कारखान्याच्या क्लबचा वार्षिक नाचाचा कार्यक्रम आपल्याला मिळतोय, ड्रमला एक माणूस बघितलाय, तुम्ही नुसते येऊन बसा. मी म्हटलं, बसतो.

नवा माणूस बेकरीत कामाला आहे. आम्ही त्याला बेकरीवालाच म्हणतो. दांडगा, हळू बोलणारा, भुवयांत पीठ. पहिल्या दिवशी तो खोलीत आला, चादरीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मास्तरांनी नकाराची मान हलवली. खोली केवढी आहे तुला माहीत आहे, दुसरा ड्रम मावणार नाही. तो खाली उतरला, गाडीतून पुठ्ठ्याचा खोका आणि पत्र्याचा एक ट्रे घेऊन आला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "चला." खोक्यावर लाथ आणि ट्रेवर काठी. धाकटे, तुला सांगतो, तरी ऐकावंसं वाटत होतं.

चुकत होतो तो मी.

तो काठीवर काठी मारून चार मोजायचा आणि सगळे सुरू व्हायचे. मी सोडून सगळे. मी दर वेळी एका ठोक्याने मागे. दुसऱ्या गाण्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. मास्तर म्हणाले, "अहो, आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो, तुम्ही अजून चप्पल शोधताय का?" सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या गाण्याला पुन्हा तेच. मग कुणी हसलं नाही.

का चुकतोय ते मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. तुला सांगायला नको. माझा हात मोडला होता तेव्हा माझ्या जागी तूच वाजवलं होतंस. ताई कधी मोजायची नाही. "मोजलं की गाणं शाळेत बसतं," म्हणायची. ती फक्त श्वास घ्यायची, खांदे जरासे वर, आणि तो श्वास सोडताना आपण सुरू. मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या खुणेवर सुरुवात केलेलीच नाही. बेकरीवाल्याचे चार मोजून व्हायचे आणि मी पाचव्याची वाट पाहायचो. श्वासाची. चादरीकडे बघत.

शेवटी बेकरीवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. विचारलं, "त्या कशा सुरू करायच्या?"

त्या खोलीत तोवर तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी बेसच्या तारा पुसायला लागलो. मास्तर चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात गायिका म्हणाली, "अशा." आणि तिने नाकाने श्वास घेतला, खांदे जरासे वर. हुबेहूब.

तू विचार कर. गायिका सगळी वर्षं ड्रमकडे पाठ करून उभी राहिली आहे. तिने ताईचे खांदे कधी पाहिलेच नाहीत. मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?" ती म्हणाली, "मागून ऐकू यायचं ना. मी त्याच्यावरच तर तोंड उघडायचे." गिटारवाला म्हणाला, "मी पण." मास्तर म्हणाले, "मला वाटायचं, फक्त मलाच ऐकू येतं."

मलाही तेच वाटायचं. मला वाटायचं, ती गोष्ट आम्हा दोघांची आहे. लग्नाआधीपासूनची. मी कुणाला सांगितली नव्हती. तुलाही सांगितली नसती, तूच येऊन विचारलंस, "ताई नुसता श्वास घेते आणि कळतं कसं हो?" म्हणून बोललो. एवढी माणसं, इतकी वर्षं, एका बाईच्या श्वासावर जागची हलत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, ही खूण आपल्यासाठीच. मला आधी थोडं दुखलं. खरं सांगतो, मत्सरासारखं दुखलं. मग मी तिच्याकडे, म्हणजे त्या चादरीकडे, नव्याने पाहिलं. केवढी होती गं ती! मी तिच्या शेजारी उभा राहून तिला अर्धीच ओळखत होतो.

मग मी उठलो आणि चादर काढली.

मीच काढली. कुणी सांगितलं नाही, कुणी सुचवलं नाही, बेकरीवाला तर "राहू द्या, राहू द्या" म्हणत उभा राहिला. तू खोचलेली टोकं मी एकेक सोडवली, घडी घातली. चादर आता घरी कपाटात आहे. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

बेकरीवाला तिच्या स्टुलावर लगेच बसला नाही. हात पुसले, मग बसला. उंची बदलू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मला त्यांच्यासारखा श्वास जमणार नाही, आणि मी प्रयत्नही करणार नाही. तुम्हीच निघा. मी तुम्हाला गाठतो."

बेसने एकट्याने गाणं सुरू करायचं, हे कुठे ऐकलंय का? आपण कायम कुणाच्या तरी मागून. मी सगळ्यात खालची तार छेडली. शांत खोलीत ती एकटी वाजली तेव्हा खिडकीची काच थरथरली, टेबलावरचा चमचा बशीत हलायला लागला. हा आवाज इतकी वर्षं माझ्याच हातात होता, आणि मी तो असा एकटा कधी ऐकलाच नव्हता. आणि मग त्याच्या खालून ड्रम आला. मला पाहून नाही आला, ऐकून आला. पायाखालची फरशी कुणीतरी तळव्यावर तोलून धरावी तसं वाटलं.

कार्यक्रम गेल्या शनिवारी झाला. क्लबच्या हॉलची जमीन लाकडी आहे. आलेले बहुतेक निवृत्त कामगार आणि त्यांच्या बायका, काही तर काठी भिंतीला टेकवून नाचायला उतरलेले. मी नेहमीसारखा मान खाली घालून वाजवत होतो, म्हणून मला फक्त पाय दिसत होते. पॉलिश केलेले बूट, सुजलेले घोटे, एका आजींनी तर चपला काढून ठेवलेल्या. आधी सगळे पाय आपापल्या वाटेने चालले होते. चौथ्या की पाचव्या गाण्यात मी एक सूर धरला, बेकरीवाल्याने त्याच्या बरोबर पाय मारला, आणि हॉलमधले सगळे पाय एकदम खाली आले. सगळे. जमिनीतून तो ठोका माझ्या गुडघ्यापर्यंत आला. त्यातल्या एकालाही विचारलं असतं, बेस कुठे वाजतोय, तर सांगता आलं नसतं. पण पाय बरोबर जागी पडत होते. मग एका ठिकाणी आम्ही दोघं थांबलो. ठरवलेलं नव्हतं. तेवढ्या क्षणात सगळे पाय हवेत राहिले, आमची वाट बघत.

लहानपणी वडील मला धरण बघायला घेऊन गेले होते. दरवाजे उघडले तेव्हा मी त्यांचा हात घट्ट धरला. मी घाबरलो नव्हतो, पण हात सोडवेना. तसं झालं. धरायला कुणी नव्हतं म्हणून मी बेस धरला.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाणं चालू असताना मला तिची आठवण आली नव्हती. एकदाही नाही. ती गेल्यापासून जागेपणी असं पहिल्यांदाच झालं. मला वाटलं, आता अपराधी वाटेल. मी वाट पाहिली. वाटलं नाही. घरी येताना बेसची पेटी खांद्यावर होती आणि मी रस्त्यात दोन वेळा नुसता उभा राहिलो. माणसाच्या हातून एवढं मोठं काही होतं, आणि ते तिच्यासकट होतं तसंच तिच्याशिवायही होतं, हे मला झेपत नव्हतं. अजून नीट झेपलेलं नाही.

तू रागावशील. तुला तो हक्क आहे, मी शब्द मोडला आहे. ड्रम तुझ्या बहिणीचा आहे. तुला तो हवा असेल तर लिही, मी नीट बांधून, गाडी करून पाठवतो. बेकरीवाला दुसरा बघेल, किंवा पुन्हा खोक्यावर वाजवेल, त्याची ना नाही. पण पुढच्या महिन्यात आणखी एक कार्यक्रम आहे आणि मी जाणार आहे. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही. तुझ्यापासून चोरून मात्र वाजवणार नाही, म्हणून हे लिहिलं.

तुझं पत्र आलं नाही तर मी समजेन. आईंना यातलं काही सांगू नकोस, डोळ्यांना त्रास होईल.

तुझ्या ताईचा नवरा,
आणि तुला अजून तसं म्हणावंसं वाटलं, तर तुझा
भाऊजी