गृहसजावटीतलं चाडं

४ मे २००७
तिवश्याहून सकाळच्या एस.टी.नं अमरावती. सलीमच्या कॅफेत बसलो. सलीम परतवाड्याचा, कॉलेजातला पार्टनर. आता पाच कॉम्प्युटर अन् एक कूलर घेऊन धंदा करून राहिला.
लिलावाच्या साइटवर चाडं टाकलं. बाबानं केलेलं. सागाचं, बाजूनं नक्षी. तिफणीवर बसवतात, पेरताना त्यात मुठीनं बी सोडतात. तळाला तीन भोकं, तीन नळ्यांसाठी. असे सात घरी पडून. ट्रॅक्टरची पेरणी आल्यापासून सुताराच्या दारात कोणी येत नाही. बाबा दिवसभर तासायचा वाकस मांडीवर घेऊन बसते. लाकडाले लावत नाही.
त्यायची एकच अट. "वीक. पण जो पेरन त्यालेच दे."
साइट म्हणते, वर्ग निवडा. मी 'शेती अवजारे' निवडलं.

१५ मे
एक बोली नाही. पाहणारे तीन, त्यातला एक मी, एक सलीम. वर पंप, खाली फवारणीचे पाइप, मधात चाडं. चुकीच्या लग्नात जेवाले बसल्यासारखं. (उपमा स्वस्त. राहू दे.)
बाबा रोज विचारते, "आला काय कोणी?" जसा माणूस फाटकातून येणार हाय.
जेवण कमी झालं त्यायचं. माय म्हणे, "दिनू, एक तरी जाऊ दे रे. जीव लागला हाय त्यायचा."

१८ मे
सलीम: "अबे, तू वर्गच चुकवला. पेरणारा माणूस इथं येतच नाही. गिऱ्हाईक फिरते तिथं माल ठेव ना यार. गृहसजावटीत टाक."
"पण बाबानं सांगतलं..."
"बाबा साइट पाहून राहिले काय?"
बदललं. नवा फोटो, बाजूनं, नक्षी दिसन असा. संध्याकाळपर्यंत पाच बोल्या.
मले आनंद झाला. लिहून ठेवतो, नंतर नाही म्हणीन म्हणून.

२६ मे
गेलं. पुण्याची एक बाई.
बाबा: "किती वावर हाय त्याले?"
त्याले. मी दुरुस्त केलं नाही. म्हटलं, पाच एकर.
"कोरडवाहू?"
"हो."
"मंग ज्वारीच पेरत असन."
दाढी केली त्यायनं, कितीक दिवसांनी. चाड्याले तेल लावलं. कोठीतली मूठभर ज्वारी आत टाकली, वरून-खालून फडकं बांधलं. रिकामं चाडं आमच्या घरून जात नाही. आजोबापासून असंच. पोस्टात मले काढता आली असती ज्वारी. काढली नाही. काहून, माहीत नाही.

३ जून
बाबानं आठवं चाडं हाती घेतलं. अंगणभर सागाच्या सालपट्या. शेजारचा काका कुंपणावरून, "काय महादू, सरकारनं ऑर्डर देल्ली काय?"
"पुण्याहून हाय," बाबा. मान वर नाही. पण हसले.
मी घरात निघून गेलो.

९ जून, अकोला
मासिकवाल्याकडं मी लिहिलेली कथा घेऊन. दोन पानं वाचून म्हणे, "हे कथा हाय का निबंध? कोणत्या सदरात टाकू?" पानं उचलून निघालो.
स्टँडवरून घरी फोन. माय: "पार्सल वापस आलं. तुह्या बाबानंच घेतलं. तू लवकर ये."

१० जून
चाड्यात चिठ्ठी होती. बाई वाईट नाही. अक्षर सुंदर.
"नमस्कार. वस्तू सुरेख आहे, पण तळाला तीन भोकं आहेत, फोटोत दिसली नव्हती. फुलदाणी म्हणून ठेवता येत नाही. आत किडकी ज्वारी निघाली, ती टाकून दिली. कृपया परत घ्यावी."
बाबा चौथी शिकलेले. अक्षर अक्षर जोडून वाचते. माय म्हणे, दुपारभर तेच.
मी म्हटलं, "बाबा, शेतीत कोणी घेत नव्हतं. मी वर्ग बदलला."
बाबानं चाडं पालथं करून भोकं पाह्यली. मंग, "फुलदानीत पानी घालतेत काय?"
"हो."
एवढंच. शिव्या देल्ल्या असत्या तर...

१४ जून
चार दिवस वाकसाचा आवाज. मी तिकडं गेलो नाही.
आज बोलावलं. आठवं चाडं झालं. नक्षी पहिल्यापेक्षा दाट. आत हात घातला. तळ गुळगुळीत, सपाट. भोकच नाही.
बाबा भिंतीकडं पाहून: "पानी भरून पाह्यलं. थेंब गळत नाही. आता तं ठेवून घेईन ना थे बाई?"

१६ जून
सलीमकडं. फोटो चढवला, या खेपेला वरून, तळ दिसन असा. नावात 'चाडं' लिहिलं. खोडलं. 'लाकडी फुलदाणी'. खोडलं. खाली वर्ग निवडा.
सलीम मागून, "दाब ना बे, लोडशेडिंगचा टाइम झाला."
सकाळी निघताना बाबानं विचारलं, बाकीच्या साताचेही भोकं बुजवून ठेवू काय.
म्हटलं, आल्यावर सांगतो.