बादलीतल्या अकरा गोगलगायी

प्रिय झेनाइदा,

फोनवर बोललो असतो तर माझा आवाज चढला असता, तू फोन कट केला असतास आणि तुझ्या आईनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला असता. म्हणून लिहितोय. पूर्ण वाच. मधेच "बाबांचं सुरू झालं पुन्हा" म्हणून कागद बाजूला टाकू नकोस.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणशील बापाला दोषच दिसतात. ओअहाका शहरातल्या कापड-मेळ्यात तू मांडलेले झगे मला आवडले. कापडाला कुठेही कात्री लावली नव्हतीस. मागावरून उतरलं तसेच पट्टे जोडून शिवलं होतंस, आईनं शिकवलं अगदी तसं. खताच्या पोत्यांची जाकिटं करणारा तुझा तो मित्रही गुणी आहे. मला एक जाकीट घालायला लावलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही तर मॉडेलच दिसता!" तुझी आई हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. तुम्हा पोरांचं सगळंच काही वेडेपणाचं नाही, एवढं मी कबूल करतो.

पण मग तू माइक हातात घेतलास. "शाश्वत" हा शब्द तेरा वेळा म्हणालीस. आईनं बोटांवर मोजलं, तिची बोटं संपली तशी माझी घेतली. "आमचे पिनोतेपाचे रंगारी गोगलगायीला मारत नाहीत, तिचा रंग घेऊन तिला परत तिच्या खडकावर ठेवतात," असं तू म्हणालीस तेव्हा माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू? आणि पुढच्याच क्षणी टेबलावरचं फडकं उचललंस. खाली निळी बादली! तीत अकरा जिवंत गोगलगायी, नळाच्या पाण्यात, वर बर्फ! अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

सात वर्षांची असल्यापासून तू माझ्याबरोबर समुद्राच्या खडकांवर येत होतीस. गोगलगाय हलक्या हातानं सोडवायची, तिच्यावर फुंकर मारायची, तिनं रंगाचा रस सोडला की सुताच्या ओल्या लडीवर टेकवायची आणि लगेच सावलीतल्या ओल्या कपारीत ठेवायची. मग चंद्राची एक फेरी पुरी होईपर्यंत तिला हातसुद्धा लावायचा नाही. हे सगळं मी तुझ्याकडून घोकून घेतलंय. गोडं पाणी त्यांना विष, हे तुला बाहेरच्या कुणी सांगायला हवं होतं का? आणि आपल्या रंगाऱ्यांच्या बारा घरांना त्या खडकांवर जायची परवानगी एकाच अटीवर आहे. एकही गोगलगाय तिथून हलवायची नाही. ज्यानं हलवली त्याचं नाव यादीतून जन्मभरासाठी जातं. हे तुला ठाऊक होतं, तरी गेल्या गुरुवारी "मैत्रिणीकडे जातेय" म्हणून थेट किनाऱ्यावर गेलीस. वर मलाच हळूच म्हणतेस, "बाबा, डोळ्यांनी बघितल्याशिवाय लोकांना पटत नाही." न पटू दे ना! त्यांना पटावं म्हणून समुद्र उचलून टेबलावर ठेवणार होतीस?

मी बादली उचलली नि चालायला लागलो. तू माइकवरून "बाबा, बाबा" करत राहिलीस. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या वाजवल्या, गाढवांनी.

पाणी ओतून दिलं, माझा सदरा मिठाच्या पाण्यात ओला करून गोगलगायी त्यात गुंडाळल्या आणि मिळाली ती गाडी पकडून आम्ही घाट उतरलो. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, हा वास बादलीचा की तुमचा?" मी म्हटलं, "दोघांचा. चाळीस वर्षं आम्ही एकत्र आहोत." तुझी आई साऱ्या वाटेनं गोगलगायींना वारा घालत होती, तुझाच फोटो छापलेल्या पत्रकानं. अंधार पडायच्या आत खडक गाठला. सात जणींनी खडक धरला. चार गळून पडल्या. पुन्हा पुन्हा ठेवून पाहिल्या, नाही धरवलं त्यांना. मी तिथंच बसून रडलो. वाटल्यास आईला विचार.

तुझ्यावर मी रागावलोय आणि हा राग लवकर उतरायचा नाही. आता जे झालं ते ऐक. मेळ्यातला कुणीतरी काढलेला व्हिडिओ आपल्या रंगाऱ्यांचा प्रमुख क्रिसोफोरो याच्यापर्यंत पोचला. रविवारी बैठक बसली. त्यानं विचारलं, "फिदेन्सिओ, बादली कुणाची?" मी म्हणालो, माझी. मीच भरून नेली, पोरीला काही माहीत नव्हतं, तिला वाटलं फडक्याखाली सुताच्या लडी आहेत. व्हिडिओत मी बादली घेऊन निघून जातानाच दिसतोय, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. माझं नाव त्यांनी खोडलं. एकेचाळीस हिवाळे गेलो त्या खडकांवर, आता जाणार नाही.

ओळखतो मी तुला. हे वाचून धावत येशील आणि खरं सांगून टाकशील. अजिबात यायचं नाही त्यासाठी. माझे गुडघे फार तर आणखी दोन हिवाळे टिकले असते. तुझं नाव खोडलं तर ते जन्मभराचं, आणि आपल्या घरात दुसरं कोण आहे? नियमानं घराची जागा घराकडेच राहते. बैठक उठताना क्रिसोफोरोनं विचारलं, "मग आता तुमच्याकडून कोण येणार?" मी म्हणालो, विचारून सांगतो. तेवढं विचारायलाच हे पत्र लिहिलं.

अजून रागातच असलेला,
तुझाच,
बाबा