दवाखान्याच्या पायऱ्या

७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो एकदाचे. इथे डोंगरावर फोन लागत नाही, म्हणून शाळेच्या टपालाच्या थैलीतून हे पत्र. मुलांच्या टाचांना फोड आणि माझ्या डोक्याला ताप. शाळेच्या ‘साहस आणि सेवा’ सहलीतलं पहिलं साहस डोंगर चढून उरकलं, आता सेवा, आणि शेवटी शिखराची चढाई. इथल्या दवाखान्यापुढे मातीचा निसरडा उतार आहे, तो खणून आम्ही दगडी पायऱ्या बांधतोय. घरी ज्यांनी कधी स्वतःचं ताट उचललं नाही, ती मुलं परदेशात धोंडे उचलताहेत. त्यांच्या आयांनी बघितलं तर भोवळ येईल.

एक विचारायचं होतं. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात की दुसऱ्या तुकडीलाही मीच थांबावं. म्हणजे आईला माझ्याकडे न्यायचं महिनाभर लांबेल. तुला चालेल ना?

फार दमलेय गं. लोभ आहेच, पत्राच्या लांबीवरून तो मोजू नकोस.

तुझी,
धाकटी

१५ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चालेल. चालवून घ्यायचं म्हटलं की सगळं चालतं, एक माझा गुडघा सोडून. त्याच्या ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा पुढे ढकलली. डॉक्टर वैतागून म्हणाले की बाई, गुडघा तुमचा आहे की माझा? आईला बाथरूमला नेताना आम्ही दोघी एकमेकींना धरतो, कोण कोणाला सांभाळतंय देव जाणे. परवा कॉटवर टेकलो, तर दोघींनाही उठता येईना. शेजारीण येईपर्यंत तशाच बसून होतो, हसत.

आई येणाऱ्याजाणाऱ्याला तुझा फोटो दाखवते आणि धाकटी परदेशात लोकांची सेवा करते म्हणून सांगते. मी चहा ठेवायला उठते.

रागावलेली नाही. रागवायलाही अंगात त्राण लागतं. लोभ आहे; वाढवायला सध्या सवड नाही, आहे तेवढा गोड मानून घे.

ताई

२४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पायऱ्यांचं उद्घाटन होतं. फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग एक म्हातारी औषधाला आली. पहिल्या पायरीशी थांबली, गुडघ्यावर हात ठेवून वर बघितलं, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून हसली. मग पाठमोरी बसली आणि बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत वर गेली.

नर्सबाई म्हणाल्या की तो उतार म्हाताऱ्यांसाठीच मुद्दाम केलेला होता, त्यावर फक्त खडी हवी होती. मग आधी का नाही बोललात, असं मी विचारलं. तर म्हणाल्या की तुम्ही विचारलंच नाहीत, आणि मुलं इतक्या हौसेने खणत होती.

ताई, त्या म्हातारीत मला तूच दिसलीस. तुझं ‘चालेल’ वाचून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. फार लाज वाटली गं.

शिखराची चढाई रद्द केली. मुलं कुरकुरली, एकाने तर बाबांना सांगीन म्हणून दम दिला. पण पायऱ्या फोडून उतार पुन्हा केला, खडी टाकली, धरायला कठडा लावला. मुख्याध्यापिकाबाईंना नकार कळवला, त्या फणकारल्या. फणकारू देत. या तुकडीबरोबरच परत येतेय, डॉक्टरांकडून नवी तारीख घे.

आणि आधी विचारायला हवं होतं ते आता विचारते. ताई, तुला काय हवंय? खरं सांग.

लोभ कमी झाला असेल तर तोही सांग.

धाकटी

२९ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पंचाईत केलीस. मला असं कोणी विचारत नाही, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. आधी वाटलं, काही नको म्हणून लिहावं. दोन कपाटं आवरली, आईचे केस विंचरले, तेव्हा कुठे सुचलं.

तारीख मिळाली आहे. गुडघा तर हवाच. पण त्याच्या आधी मला एक दुपार हवी. मी दार लावून झोपेन. आईने हाक मारली तर ओ तू द्यायचीस.

लोभ वाढला आहे.

ताई