जल्दीचा की सबुरीचा

जांब समर्थ,
११ डिसेंबर १९७२

प्रिय दादास,
सत्यशीलाचा सप्रेम जयभीम.

दिल्लीहून टाकलेलं तुझं पत्र शनिवारी मिळालं. पायाची जखम भरत आली, वीस तारखेला दवाखान्यातून सोडतील आणि तू थेट जालन्याची गाडी धरशील, हे ऐकून आईनं पत्र कपाळाला लावलं. मग माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. ती खडी फोडायच्या कामावर जाते, यंदा निम्मं गाव तिथेच आहे. मी शाळेत. विहीर तळाला गेली आहे, बाकी बरं आहे.

"बाकी बरं आहे" असं मी तुला वर्षभर लिहीत आले. दादा, तू गाडीत बसायच्या आधी हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं. एक गोष्ट तुझ्यापासून लपवली आहे. ती आज सांगितली नाही, तर घनसावंगीच्या स्टँडवर उतरल्याबरोबर तुला कळेल. पण आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देते. मास्तरीण आहे, पहिला प्रश्न पहिला.

रेडिओच्या बॅटरीसाठी दिल्लीहून चार्जर आणतो, कोणता आणू, असं तू विचारतोस. शाळेत वीज आली आहे आणि हेडमास्तर तिथे लावू देतात. आपली बॅटरी सहा व्होल्टची, तर चार्जरही सहाचाच आण. दुकानदार ट्रकचा बारा व्होल्टचा गळ्यात मारायला बघेल, घेऊ नको. आणि लहान आण, दिवसभर लावून ठेवला की हळूहळू भरणारा. तीन तासांत भरणारा फुकट दिला तरी नको.

हे शहाणपण मला कुठून आलं ते आता सांगते.

गेल्या डिसेंबरात लढाईत तू बेपत्ता असल्याची तार आली. पाकिस्तानच्या रेडिओ स्टेशनवर रोज संध्याकाळी आपले थोडे थोडे कैदी स्वतःच्या तोंडानं आपलं नाव सांगतात, असं कुणीतरी आबांना सांगितलं. त्या दिवसापासून आबा पटका बांधून रेडिओसमोर बसायला लागले, पाहुण्यांकडे गेल्यासारखे. नाव, बापाचं नाव, गाव. प्रत्येक नावाला मान हलवून म्हणायचे, "ह्यो बी कुनाचा तरी हाय." बॅटरी उतरत चालली तसे ते कान जाळीला लावून ऐकू लागले.

चार जानेवारीला मी बॅटरी पोत्यात बांधून एसटीनं घनसावंगीला नेली. तिथे कडूबा मिस्त्रीकडे दोन चार्जर होते. तो म्हणाला, "ताई, जल्दीचा लावू का सबुरीचा? जल्दीच्यानं तीन घंट्यात भरती, पन आतल्या पट्ट्या वाकत्यात. सबुरीचा लावला तं उद्या येऊन न्या, काम बराबर होईल."

तू जाताना बॅटरीवर पांढऱ्या रंगानं लिहून गेला होतास, "सावकाश भरणे." ते मला दिसत होतं. एक संध्याकाळ चुकली असती, एवढंच. पण नेमकं त्याच संध्याकाळी तुझं नाव आलं तर, असं मनात आलं आणि माझा धीर सुटला. लहानपणी तू मला उतावळी म्हणायचास, मी चिडायचे. मी म्हटलं, जल्दीचा लावा.

त्या संध्याकाळी रेडिओ पाव तास खणखणीत बोलला. आबा माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मग बंद पडला. सकाळी बघते तो बॅटरीचं पोट फुगलेलं. नवी मागवली, ती यायला महिना लागला.

गावात दुसरा रेडिओ सर्जेराव पाटलांकडे होता. ते काही तिकडचं स्टेशन लावत नसत, पण विचारलं असतं तर लावलं असतं. मी आबांना म्हटलं, तिथे जाऊन ऐकू. ते म्हणाले, "पायरीखाली हुबं राहून पोराचं नाव न्हाई ऐकायचं." मी पुन्हा विषय काढला नाही. काढायला हवा होता.

बंद रेडिओसमोर ते रोज ठरल्या वेळी बसत राहिले. आठ-नऊ दिवसांनी पटका बांधायचे थांबले, मग जेवायचेही थांबले. आईला म्हणाले, "जिता असता तं इतक्या दिवसांत नाव आलं असतं." रेडिओ बंद आहे हे त्यांना माहीत होतं, तरी तसं म्हणाले.

एकोणीस जानेवारीला दुपारी आबा गेले.

पाच दिवसांनी पिंपळगाव रेणुकाईच्या एका अनोळखी गृहस्थांचं कार्ड आलं. "आज आठ तारखेस रेडिओवर साहेबराव आप्पाराव म्हस्के, गाव जांब, असे ऐकले. मुलगा जिवंत आहे. घरच्यांस कळावे म्हणून लिहितो." पत्त्यात नुसतं जांब होतं, म्हणून ते दुसऱ्याच जांबला फिरून आलं होतं. सबुरीचा लावला असता, तर पाच तारखेलाच चांगली बॅटरी घरी असती. हा हिशेब मी रोज करते.

कैद्यांच्या छावणीत तुला कळवू नको, खचेल, असं आई म्हणाली. म्हणून मी तुला सहा पत्रं खोटी लिहिली. प्रत्येकाखाली "आबांचा व आईचा आशीर्वाद" असं लिहिलं. आईला वाटतं बॅटरी जुनी होती. मिस्त्रीनं काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते तिला ठाऊक नाही. आज पहिल्यांदा तुला सांगते आहे.

तू शेवटी लिहिलंयस, "माईकसमोर मी आबांचं नाव मुद्दाम मोठ्यानं घेतलं. त्यांनी ऐकलं का?"

नाही दादा, ऐकलं नाही.

स्टँडवर मी एकटीच येईन. रागवायचं असेल तर तिथेच रागव, मी ऐकून घेईन. मग आपण दोघं घरी जाऊन आईला सांगू. मला एकटीला ते जमलेलं नाही. चार्जर आण अगर नको आणू, तू ये.

आईचा आशीर्वाद.

तुझी बहीण,
सत्यशीला