उम्मीच्या वर्षाचा कुसकुस

११ जुलै

"बोटं वाकडी झाली तरी दाणा गोल यायला हवा, पोरी." उम्मी, माझी आई, हे म्हणाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अंगणात ओल्या रव्याचे बारीक दाणे, म्हणजे कुसकुस, वळताना एकाच परातीत दोघींचे हात होते. आज सेहेचाळीसाव्या वर्षी माझ्या अंगठ्याच्या मुळाशी तिच्यासारखीच गाठ. डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणाले — सांध्याची झीज. भरून येत नाही, सांभाळायची.

तेवीस ऑगस्टला उम्मीला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी तिच्या नावानं लोकांना कुसकुस वाटायचा, तोही घरी वळलेला. आमच्या नाबल गावात आईच्या वर्षाला विकतचा आणलेली मुलगी मी तरी पाहिलेली नाही.

१४ जुलै

सकाळी कोमट पाण्यात हात. मग सोंदोसनं दिलेला स्पंज हलकेच दाबायचा, बोटं पसरायची. काम करताना अंगठ्याला पट्टा. मलम. गोळी अगदीच सोसेना तर, तीही जेवल्यावर.

सोंदोस व्यायाम शिकवते, पोरगेलीच आहे. म्हणाली, दुखतं म्हणून हात मांडीवर ठेवून बसू नका, आखडतो.

घरी येईपर्यंत रस्ताभर बोटं पसरत-मिटत होते.

२४ जुलै

ऑलिव्हच्या बरणीचं झाकण उघडलं! एकटीनं!

२ ऑगस्ट

रवा परातीत घेतला, पाणी शिंपडलं, वळायला बसले. दाणा छान येत होता. शेजारची हल्लूमा डोकावली. चिमूटभर उचलून हुंगला.

"हा कुसकुस आहे की सर्दीचं औषध?"

हात साथ देईल म्हणून आधी मलम चोळलं होतं. वळायला बसण्याआधी साबणानं दोनदा हात धुतले, तरी सगळ्या रव्याला तो झणझणीत वास! चार किलो फुकट. हल्लूमा हसली, मीही हसले. मग मला रडू आलं आणि तिनं परात धुऊन ठेवली.

३ ऑगस्ट

कालच्या हसण्यावरून तो ऑगस्ट आठवतोय. तीन वर्षं झाली. अंगणात वर्षभर पुरेल इतका कुसकुस वळायला आठ बायका. उम्मीचा दाणा जाडाभरडा येऊ लागला होता, चाळताना चाळणीवरच राहायचा. कुणीतरी म्हणालं, बोटांच्या गाठी आता दाण्यातही उतरल्या. सगळ्या हसल्या. उम्मीही. मग तिनं हात धुतले, आणि परातीला पुन्हा कधी शिवली नाही.

हात मांडीवर ठेवून बसायची. पुढच्या थंडीपर्यंत तिला चमचा धरवेना.

मोंजिया त्या दिवशी सूसला, सासरी होती. ती माझी धाकटी बहीण. तिची खात्री आहे की बोलली ती हल्लूमाच. अशी जीभ गल्लीत आणखी कुणाची? तेव्हापासून ती हल्लूमाचं तोंड पाहत नाही. हल्लूमानं एकदाही नाकारलं नाही.

१० ऑगस्ट

मलम न लावता, पट्टा बांधून पुन्हा बसले. दोन मुठींत अंगठा सुजला. डॉक्टर म्हणाले, हात हलवत राहा, पण वळणं सध्या बंद.

हल्लूमा म्हणते, "मी वळते की. तुझ्या आईनंच शिकवलंय मला."

मोंजियाला फोन केला. "तिच्या हातचा दाणा उम्मीच्या नावानं? मग माझी वाट पाहू नकोस, ताई."

१३ ऑगस्ट

गोळी घेतली. दुखणं गेलं. झोप आली नाही.

१७ ऑगस्ट

मोंजियाला निरोप पाठवला. ती नाहीच म्हणेल, मला ठाऊक आहे. इथे उतरवून ठेवते.

"मोंजिया, ते हल्लूमा नाही बोलली. मी बोलले. उम्मीनं मान वर करून माझ्याकडेच पाहिलं होतं. आता माझ्याच्यानं वळवत नाही. तू ये. हल्लूमाशेजारी बस, आणि उम्मीसाठी वळ. दाणा जाड आला तरी चाळू नका."