जास्तीचे वलय

सांगली, ८ जुलै १९७४
फार दिवसांनी वही उघडतो आहे, क्षमा असावी. साताऱ्याचे बिऱ्हाड हलवण्यात सगळा वेळ गेला. येथील कॉलेजात क्ष-किरणांचे यंत्र आहे आणि चाळिशी उलटल्यावर का होईना, मला स्वतःचे संशोधन मिळाले. मन प्रसन्न आहे. कुपवाडला मानसिंगराव लाउडस्पीकरची चुंबके बनवतात. त्यांच्या नव्या चुंबकी पुडीची अंतर्रचना मी तपासणार. पूड केसाला चिकटवून किरणांसमोर धरली, की फिल्मवर वलये उमटतात. डिंकाऐवजी मी केस जिभेवरून ओढतो, जादा पूडही जिभेनेच निपटतो. पद्धत गलिच्छ खरी, पण डिंकाची भेसळ टळते.

१९ जुलै
प्रत्येक फिल्मवर एक वलय जास्तीचे आहे, ज्ञात पदार्थांच्या कोणत्याही तक्त्यात न सापडणारे. नवा पदार्थ असेल तर आयुष्यात प्रथमच माझे नाव होईल. हाव तर मला हे दाखवत नाही ना? पुन्हा नमुने घेतले. तेच वलय. तोंडाला गंजाची चव.

२ ऑगस्ट
खानावळीत भातात काळे कण निघाले म्हणून तक्रार केली. मालकीण चंद्राबाई पात्यासकट पितळी अडकित्त्याने सुपारी कातरत म्हणाल्या, “आवं सर, भात पांढराच हाय. तुमचंच त्वांड काळं झालंय, आधी ते धुवा.” सगळे हसले, मीही. आरशात पाहिले, तर जिभेवर बारीक काळी लव. ब्रशने रक्त येईतो खरवडली. संध्याकाळी पुन्हा उगवली.

९ ऑगस्ट
पूड न लावता, केसाला नुसती थुंकी लावून फिल्म घेतली. बाकीची वलये गेली. जास्तीचे तेवढे उरले, अधिक ठळक.
म्हणजे ते पुडीत नाही. माझ्यात आहे.
बेसिनमध्ये थुंकलो, चुंबक जवळ नेले. थुंकी गोगलगायीसारखी वर चढून आली. ओकलो. ओकारीही हलली.
मानसिंगरावांना पुडीविषयी विचारले. म्हणाले, “लय नामी माल हाय सर, माशीसुदिक बसत न्हाई.”

१३ ऑगस्ट
लव नखाएवढी. बोलताना दातांवर घासते. वर्गात पहिल्या बाकांनी नाकाला रुमाल लावले.
वस्तऱ्याने छाटायला गेलो. पाते जिभेला चिकटले, सुटेना. लोखंड चालणार नाही —

१४ ऑगस्ट
आता जीभ आपणहून वळते. लोखंडी कपाटाकडे, खिळ्यांकडे — तोंड मिटले तरी आतून ढकलते — मुळापासून काढल्याखेरीज —

उद्या : चंद्राबाईंचा पितळी अडकित्ता मागून आणणे